कलेसाठीचा सार्वजनिक पैसा: ठाणे आणि नवी मुंबईतल्या कलावंतांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी हौशी मंडळं, भजनी मंडळं, शाहीर, आगरी-कोळी गाणी जपणाऱ्या बायका, भिंती रंगवणारे चित्रकार, नाट्यगृहाच्या तारखांसाठी हेलपाटे घालणारे निर्माते. या मंडळींना अर्ज लिहायला मदत करताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही ठिकाणी माझं मतही आलं आहे. ते मत म्हणूनच वाचावं.

महाराष्ट्रात कलांना निधी देण्यासाठी आणि त्याचं व्यवस्थापन करण्यासाठी वेगळा कायदा आहे का?

नाही. नाट्य स्पर्धा, महोत्सव, नव्या नाटकांना मिळणारं अनुदान, लोककला पथकांचं साहाय्य, ज्येष्ठ कलावंतांचं मानधन हे सगळं शासन निर्णयांवर, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो त्यावर चालतं. जीआर राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने निघतो, पण तो विधिमंडळासमोर मंजुरीसाठी येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६२ मधल्या कार्यकारी अधिकारातून तो निघतो. त्यामुळे एका जीआरने सुरू झालेली योजना दुसऱ्या जीआरने बदलता येते, आटोपती घेता येते किंवा दुसऱ्याच योजनेत मिसळून टाकता येते.

पैशाचं मात्र तसं नाही. विधिमंडळाने विनियोजन विधेयक मंजूर केल्याशिवाय राज्याच्या तिजोरीतून एक रुपयाही काढता येत नाही. म्हणजे योजना उभी असते जीआरवर आणि तिचा पैसा अवलंबून असतो दरवर्षीच्या मंजुरीवर. एखाद्या वर्षी तरतूदच कमी झाली तर कलावंताला बोट ठेवून दाखवता येईल असं कायद्याचं कलम हातात नसतं. पुढची बरीचशी उत्तरं या एकाच गोष्टीकडे येऊन थांबतात.

ग्रंथालयांसाठी तर कायदा आहे. मग कलांसाठी का नाही?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण शेजारचं उदाहरण समोर असताना आपण ते वापरत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्याने राज्य ग्रंथालय परिषद आणली, जिल्हा पातळीवर समित्या आणल्या, ग्रंथालय निधी निर्माण केला. त्या निधीत राज्याने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असं कायद्यातच लिहिलं. पुढे १९७० साली मान्यता आणि अनुदानाचे नियम झाले, ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. आपलं वाचनालय कोणत्या वर्गात बसतं, वरच्या वर्गात जायचं तर सभासद किती हवेत, पुस्तकं किती हवीत, हे गावातल्या ग्रंथपालालाही ठाऊक असतं.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झालं, कायद्याच्या चौऱ्याहत्तर वर्षं आधी. लोकांनी आधी संस्था उभी केली आणि कायद्याने नंतर तिच्यासारख्या संस्थांना हात दिला, हा क्रम मला आदर्श वाटतो. नाट्यसंस्था, गायन समाज, लोककला पथकं यांच्या बाबतीत पहिला अर्धा भाग आपण कधीच पुरा केला आहे. दुसरा राहिला आहे.

कायदा झाला म्हणजे सगळं सुरळीत होतं असं मात्र समजू नका. नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं मधली बरीच वर्षं बंद होतं, आणि १९६७ चे २५ लाख आज किती उरतात याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. कायद्यात आकडा लिहिताना तो महागाईबरोबर वाढेल अशी सोय करायला हवी, हा धडा तिथूनच मिळतो. शिवाय आपल्या कायद्यात ग्रंथालय उपकर नाही. कर्नाटकात मालमत्ता करावर तो घेतला जातो.

राज्यघटनेत कला केंद्राकडे की राज्याकडे?

मुख्यतः राज्याकडे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ३३ व्या नोंदीत रंगभूमी, नाट्यप्रयोग, करमणूक हे विषय आहेत. १२ व्या नोंदीत राज्याच्या पैशावर चालणारी ग्रंथालयं आणि संग्रहालयं. चित्रपटाच्या प्रमाणपत्राचा अधिकार तेवढा केंद्राचा. म्हणून रंगभूमीसाठी कायदा करायचा म्हटलं तर महाराष्ट्र विधिमंडळाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. शहरांच्या स्थानिक संस्थांकडे राज्याला जी कामं सोपवता येतात त्यांत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना प्रोत्साहन हे एक काम आहे. महापालिकेत 'हे आमचं काम नाही' असं ऐकावं लागलं तर या नोंदीची आठवण करून द्या.

नाट्यगृह चालवणं महापालिकेवर बंधनकारक आहे का?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात महापालिकेच्या कामांचे दोन गट आहेत. कलम ६३ मधली कामं बंधनकारक: पाणी, गटारं, रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई. कलम ६६ मधली ऐच्छिक, म्हणजे महापालिकेला योग्य वाटलं तर करायची. नाट्य-कलेशी संबंधित कामं या दुसऱ्या गटात मोडतात. पैसा कमी पडला की कात्री आधी कुठे लागते हे वेगळं सांगायला नको.

आणि तरीही आपल्या शहरांनी नाट्यगृहं बांधली, हे विसरू नये. मासुंदा तलावाच्या काठावर राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभं राहिलं तेव्हा ठाण्यात महानगरपालिका नव्हती, नगरपालिका होती. महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी झाली. या गावाचं नगराध्यक्षपद जनकवी पी. सावळाराम यांनी भूषवलं आहे. पुढे घोडबंदर रोडच्या बाजूला लोकवस्ती वाढली तेव्हा तिकडे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झालं. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह सिडकोने बांधलं आणि नंतर ते नवी मुंबई महापालिकेकडे आलं. ज्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या प्रयोगापासून आपण मराठी रंगभूमीची गणना करतो आणि ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो, त्यांचं नाव एका नव्या, आखीव शहरातल्या नाट्यगृहाला मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

अडचण येते देखभालीत. इमारत एकदा बांधून होते. वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, खुर्च्या, स्वच्छतागृहं आणि पडद्यामागची यंत्रणा यांना दरवर्षी पैसा लागतो, आणि तो दरवर्षी नव्याने मागावा लागतो. मग छोट्या दुरुस्त्या साठत जातात आणि शेवटी मोठ्या दुरुस्तीसाठी नाट्यगृहच कित्येक महिने बंद ठेवावं लागतं. रंगायतन बंद असलं की ठाण्यातल्या प्रयोगांचं, बालनाट्यांच्या सुट्टीतल्या खेळांचं आणि संस्थांच्या वार्षिक कार्यक्रमांचं सगळं गणित कोलमडतं. म्हणून प्रत्येक नाट्यगृहासाठी वेगळा देखभाल निधी असावा आणि तो दुसऱ्या कामाकडे वळवता येऊ नये, ही मागणी मी जिथे संधी मिळेल तिथे करत असतो.

कोणत्या कामासाठी कोणत्या खात्याकडे जायचं?

निम्मे हेलपाटे चुकीच्या दारात गेल्यामुळे होतात. नाटक, नृत्य, संगीत, लोककला, महोत्सव, राज्य नाट्य स्पर्धा, मानधन यांसाठी सांस्कृतिक कार्य संचालनालय. चित्र-शिल्प, कला महाविद्यालयं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा, राज्य कला प्रदर्शन यांसाठी कला संचालनालय, आणि ते उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली येतं. नावं सारखी वाटतात, कार्यालयं आणि मंत्री वेगळे. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेलं राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आज मराठी भाषा विभागाकडे आहे. नावात संस्कृती असली तरी नाटकाचं अनुदान तिथे मागू नका, ग्रंथप्रकाशनासाठी जा. गोरेगावची चित्रनगरी चालवणारं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ ही १९७७ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी आहे. आणि ग्रंथालय संचालनालय पुन्हा उच्च व तंत्र शिक्षणात.

एका शहरातला चित्रकार, नट आणि कवी एकत्र येऊन कार्यक्रम करणार असतील तर त्यांना तीन विभागांकडे जावं लागतं. एकच कायदा असता तर निदान एक खिडकी मागता आली असती.

अर्थसंकल्पात कलेचा पैसा शोधायचा कुठे?

राज्याच्या अर्थसंकल्पात २२०५ हे मुख्य लेखाशीर्ष कला व संस्कृतीचं आहे. रोजचा खर्च, अनुदानं, स्पर्धा इथे. इमारती बांधण्याचा भांडवली खर्च ४२०२ खाली सापडतो. त्यात शिक्षण आणि क्रीडाही एकत्र आहेत. तीन आकडे शेजारी ठेवून वाचा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च. वर्तमानपत्रात बातमी पहिल्या आकड्याची येते. कलावंतांपर्यंत काय पोहोचलं याचा अंदाज तिसऱ्या आकड्यावरून येतो.

महापालिकेच्या अर्थसंकल्पात शोध जास्त चिवटपणे घ्यावा लागतो. नाट्यगृहाचं वीजबिल विद्युत विभागात, दुरुस्ती स्थापत्यकडे, महोत्सव क्रीडा व सांस्कृतिक विभागात, तर भिंतींवरची चित्रं अनेकदा स्वच्छतेच्या किंवा सुशोभीकरणाच्या शीर्षकाखाली. नवी मुंबईत स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने उड्डाणपुलांखाली आणि संरक्षक भिंतींवर किती तरी चित्रं उभी राहिली. शहर त्यामुळे देखणं झालं, हे मान्यच आहे. पण कलेचा पैसा स्वच्छतेच्या स्पर्धेला बांधलेला असेल तर ती स्पर्धा संपल्यावर त्या चित्रांची निगा कोणी राखायची, याचं उत्तर कोणत्याच शीर्षकाखाली नसतं.

प्रशासकाच्या काळात हा पैसा कोण मंजूर करतं?

नेहमीच्या काळात आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती बदल सुचवते आणि मग महासभा मंजुरी देते. या दोन टप्प्यांवर नगरसेवकांकरवी आपलं म्हणणं मांडता येतं. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून पुढची काही वर्षं निवडून आलेलं सभागृह नव्हतं. आयुक्तच प्रशासक, म्हणजे अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. त्या काळात रस्त्या-पाण्याचे प्रश्न तरी आमदारांमार्फत वर जात. एखाद्या नाट्यगृहाचं भाडं किंवा भजन स्पर्धेचं बक्षीस यावर बोलायला जागाच राहिली नव्हती.

नाट्यगृहाच्या तारखा आणि भाडं कसं ठरतं? हौशी संस्थांना सवलत मिळते का?

भाड्याचे दर आणि नियमावली महापालिका ठरवते. सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं, शनिवार-रविवारचा वेगळा दर, अनामत रक्कम, तालमीचा दर, मराठी नाटकाला एक आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला दुसरा भाव, हे सगळं त्यात असतं. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचं दरपत्रक लेखी घ्या. गेल्या वर्षीच्या पावतीवर विसंबू नका. सवलत मागायची तर ती दरपत्रकातल्या तरतुदीवर बोट ठेवून मागा.

तारखांचं वाटप बहुधा काही महिन्यांचं एकदम होतं आणि व्यावसायिक निर्मात्यांचा ओढा शनिवार-रविवारकडे असतो. हौशी संस्थेला मंगळवारची दुपार मिळते आणि मग प्रेक्षक नाहीत म्हणून तिकिटं खपत नाहीत. दर महिन्यात सुट्टीच्या दिवसांची किमान काही सत्रं हौशी आणि बालनाट्यासाठी राखावीत, हे नियमावलीतच लिहिलं गेलं पाहिजे. अधिकाऱ्याच्या मर्जीवर ती सोडली की बदलीबरोबर ती जातात.

ज्येष्ठ कलावंतांचं मानधन कोणाला मिळतं?

राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना असं तिचं सध्याचं नाव. वय ५० वर्षांच्या वर (दिव्यांगांना ४०), कलाक्षेत्रात किमान १५ वर्षांचं योगदान आणि वार्षिक उत्पन्न ६० हजार रुपयांच्या आत, या मुख्य अटी. निवड जिल्हास्तरीय समिती करते. पूर्वी राष्ट्रीय, राज्य, जिल्हा असे अ, ब, क वर्ग होते आणि रक्कम वेगवेगळी होती. २०२४ पासून सरसकट महिना ५ हजार रुपये झाले. जिल्हा पातळीवर गाणाऱ्याचं पोट राष्ट्रीय पातळीवरच्या गायकापेक्षा लहान नसतं. तो भेद गेला हे फार चांगलं झालं.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल मात्र बोलायलाच हवं. ६० हजार म्हणजे महिन्याला ५ हजार. ठाण्यात कुठल्याही चाळीत या पैशांत भाडंसुद्धा भागत नाही. सोसायटीत पहारेकरी म्हणून रात्रपाळी करणारा शाहीर या मर्यादेत बसत नाही, आणि त्याला कोणी सुखवस्तू म्हणणार नाही.

पंधरा वर्षांच्या योगदानाचा पुरावा म्हणून काय जोडायचं?

कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं, आकाशवाणी-दूरदर्शनचे करार, संस्थांची पत्रं, फोटो. प्रत्येक कागदावर तारीख दिसेल असं बघा आणि वर्षवार लावा. छायाप्रती स्वसाक्षांकित करा.

इथे एका गटाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. आगरी आणि कोळी लग्नांत धवले गाणारी धवलारीण असते. हळदीपासून लग्न लागेपर्यंतचे विधी तिच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाहीत. शेकडो ओळी तिला मुखोद्गत असतात. ठाण्यातला चेंदणी कोळीवाडा असो की नवी मुंबईतलं दिवाळे, घणसोली, करावे, या बायकांनी आयुष्यभर गायलेलं आहे, आणि त्यांच्याकडे एकही कार्यक्रमपत्रिका नाही. लग्नाच्या मांडवात कोण कात्रण काढणार? योजनेचा कागद रंगमंचावरच्या कलावंताला डोळ्यांसमोर ठेवून बनला आहे. अंगणात गाणारी बाई त्यात बसत नाही.

तोवर करता येण्यासारखं काही आहे. ज्या घरच्या लग्नांत त्या गायल्या त्या घरच्या लोकांकडून लग्नाच्या वर्षासह लेखी जबाब घ्या. लग्नाच्या जुन्या व्हिडिओत त्या गाताना दिसत असतील तर त्याची प्रत आणि त्यातलं चित्र जोडा. गावकी किंवा जमातीच्या संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. लोकसाहित्याचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र मिळालं तर उत्तम. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा, म्हणजे पुढच्या वर्षी तेवढी उणीव भरून काढता येईल.

अनुदान घ्यायचं तर संस्था नोंदवावीच लागते का?

मानधन व्यक्तीला मिळतं, त्याला संस्था लागत नाही. संस्थेला मिळणाऱ्या अनुदानासाठी नोंदणी लागते. साधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हींखाली धर्मादाय कार्यालयातून नोंद होते. त्यानंतरचं काम जास्त चिकाटीचं: दरवर्षीचे लेखापरीक्षित हिशेब, बदल अहवाल (कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती), आणि अनुदान खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र. मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. कार्यकारिणी बदलली आणि बदल अहवाल दिलाच नाही, ही जुन्या मंडळांची सगळ्यात मोठी अडचण आहे. वाद नसताना तो लगेच दाखल करून टाका.

तिकिटावर आणि मानधनावर जीएसटी लागतो का?

नाटक, नृत्य, संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावर जीएसटी नाही. लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलावंताचं एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही सूट आहे. जाहिरातीचा चेहरा म्हणून घेतलेल्या पैशाला ती नाही.

नाटकाला अजून सेन्सॉर लागतं? पथनाट्याला काय लागतं?

ब्रिटिशांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा संसदेने रद्द केला आहे. महाराष्ट्रात मात्र पोलीस अधिनियम १९५१ खालच्या नियमांप्रमाणे संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते आणि नाट्यगृह आरक्षित करताना ते प्रमाणपत्र मागतात. पथनाट्यासाठी स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. ठाण्यात कलम ३७ चे जमावबंदीसारखे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात त्याची चौकशी करा. उघड्यावर ध्वनिक्षेपक असेल तर रात्री १० ची मर्यादा. बंदिस्त नाट्यगृहाला ती तशी लागू होत नाही.

महापालिकेसाठी रंगवलेल्या भिंतीवर किंवा घडवलेल्या शिल्पावर माझा काही हक्क राहतो का?

राहतो, आणि तो पैशाच्या पलीकडचा आहे. करारात वेगळं लिहिलं नसेल तर स्वामित्वहक्क काम करवून घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे जाऊ शकतो. पण स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे ते काम आपलं आहे हे सांगण्याचा आणि त्याची विटंबना किंवा मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं ब्रॉन्झचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. त्यांनी सरकारविरुद्ध दावा लावला आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. भिंत रंगवणाऱ्या प्रत्येक तरुण चित्रकाराला हा निकाल माहीत असायला हवा.

करारात चार गोष्टी आवर्जून लिहून घ्या: चित्राखाली नाव राहील, निगा कोण राखेल, चित्र पुसायचं झालं तर किती दिवस आधी कळवतील, आणि प्रतिमा छापील साहित्यात वापरली तर श्रेय कसं देतील. निविदेत कमीत कमी दराला काम जातं, हे रस्त्याच्या कामाचं गणित आहे. शिल्पाला ते लावलं की शिल्पकार मागे राहतो आणि कंत्राटदार पुढे येतो. महापुरुषांच्या पुतळ्यांसाठी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा अनावरणानंतर वर्षही व्हायच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नमुन्याच्या मान्यतेबरोबर पाया, धातू, वारा आणि बांधकामाचा कालावधी यांची तपासणीही कायद्याने ठरवून दिलेली असावी, एवढं तरी त्यातून घ्यायला हवं.

दुसरीकडे असे कायदे आहेत?

आहेत. अमेरिकेतल्या हवाई राज्याने १९६७ साली, म्हणजे आपला ग्रंथालय कायदा झाला त्याच वर्षी, सरकारी इमारतींच्या बांधकाम खर्चाचा १ टक्का कलाकृतींसाठी राखायचा कायदा केला. आपल्याकडे चेन्नईच्या 'कलाक्षेत्र' या नृत्य-संगीत शिकवणाऱ्या संस्थेसाठी संसदेने १९९३ साली स्वतंत्र अधिनियम केला. केरळने २०१० साली सांस्कृतिक कार्यकर्त्यांच्या कल्याण निधीचा कायदा केला. शेजारच्या कर्नाटकाने २०२४ साली चित्रपट आणि सांस्कृतिक क्षेत्रातल्या कामगारांसाठी कल्याण कायदा केला, त्यात चित्रपटाच्या तिकिटांवर आणि ओटीटी वर्गणीवर २ टक्क्यांपर्यंत उपकराची तरतूद आहे. दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीसारख्या मोठ्या संस्थासुद्धा सरकारी ठरावातून जन्मल्या, त्यामुळे कायदा नसणं ही फक्त महाराष्ट्राची गोष्ट नाही.

सांस्कृतिक धोरण जाहीर झालं ना? तो कायदाच नाही का?

नाही. २०१० चं धोरण आणि २०२४ चं नवं धोरण दोन्ही चांगल्या हेतूने, अभ्यासू समित्यांनी केली. धोरणात 'करावे' असतं. ते केलं नाही म्हणून न्यायालयात उभं राहता येत नाही.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी कलेसाठी मिळतो?

मिळू शकतो. कंपनी अधिनियम २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती, वारसा आणि पारंपरिक हस्तकला यांचा उल्लेख आहे. तुर्भे, महापे, रबाळे या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांना विचारा. त्यासाठी संस्थेला आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी आणि सीएसआर-१ अर्ज लागतो.

अर्जाला उत्तरच येत नाही. काय करू?

आवक क्रमांक घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. महिनाभर वाट पाहून माहिती अधिकारात विचारा: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, निवड यादी आणि निकष. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, नंतर राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं.

कायदा झालाच तर त्यात काय असावं?

माझ्या मते सगळ्यात आधी एक कला निधी, ज्यात राज्याचा किमान वाटा टक्केवारीत लिहिलेला असेल. आकड्यात लिहिला की पन्नास वर्षांनी तो हास्यास्पद होतो. दुसरं, निवड समित्यांत निम्मे सदस्य प्रत्यक्ष कलावंत, ठरावीक मुदतीचे, आणि त्यांची इतिवृत्तं खुली. तिसरं, दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांसाठी नाट्यगृह आणि कलादालन चालवणं कलम ६६ मधून कलम ६३ मध्ये आणणं. हे एवढं एक झालं तरी ठाणे आणि नवी मुंबईत खूप फरक पडेल. मौखिक परंपरेच्या कलावंतांसाठी पुराव्याचे वेगळे निकष हवेत. आणि संहिता तपासण्याचं काम निधी देणाऱ्या यंत्रणेपासून पूर्ण वेगळं ठेवावं, कारण पैसा देणाऱ्याच्या हातात कात्री असली की लेखक स्वतःच आधी ओळी गाळायला लागतो.

ही मागणी करायची कुठे?

आपल्या आमदारांना भेटून अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचं विधेयक, मांडायला सांगता येतं. मसुदा आपणच तयार करून नेला तर काम पुढे जातं. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, तिच्याकडे नागरिकांचा अर्ज सदस्यामार्फत जातो. अधिवेशनं तीन: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. अर्थसंकल्पासाठी सूचना द्यायची तर ती अधिवेशनाच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत विभागाकडे पोहोचली पाहिजे. मार्चमध्ये दिलेल्या पत्राचा त्या वर्षी उपयोग होत नाही. महापालिकेचंही तेच. जानेवारीत आयुक्तांच्या नावे पत्र द्या, प्रत लेखा विभागाला आणि क्रीडा व सांस्कृतिक विभागाला, आणि पत्रात एकच ठोस मागणी रकमेसह लिहा. उदाहरणार्थ भावे नाट्यगृहाच्या ध्वनियंत्रणेची दुरुस्ती, किंवा घाणेकर नाट्यगृहात हौशी संस्थांसाठी दरमहा राखीव सत्रं. पाच-सात संस्थांनी मिळून एकाच पत्रावर सह्या केल्या तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.